बे ऑफ रॅव्हीत किती बुडाले

परंपरा टिकवायची असेल तर ती दुसऱ्याची असलेली बरी. स्वतःच्या परंपरेत माणूस उशिरा येतो, मागच्या रांगेत बसतो आणि चहा कधी आहे ते विचारतो. दुसऱ्याच्या परंपरेत तो वेळेवर येतो आणि डोळे मिटून बसतो.

नॉटिंगहॅमचा 'रोअरिंग हेदर' हा केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंड-वेल्सकडच्या, लोकसंगीताचा बँड याच तत्त्वावर चालला, आणि चांगला चालला. (फुटबॉलचा क्लब असेल तर सेल्टिक म्हणायचं, गाणं असेल तर केल्टिक. यात चुकणाऱ्याला बँडमध्ये घेत नसत.) हेदर म्हणजे डोंगरावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. ते गर्जत नाही. पण नाव १९८१ साली एका पबमध्ये बहुमतानं ठरलं होतं, आणि पबमधलं बहुमत सकाळी बदलता येत नाही.

बँडमध्ये तिघे होते. टेरी गिटार घेऊन गायचा, ब्रायन फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा, नॉर्मन अकॉर्डियन. तिघेही नॉटिंगहॅमचे. इथून समुद्र कुठल्याही बाजूला लांबच. केल्टिक वारशाचं म्हणाल तर टेरीच्या मावशीनं एका वेल्श माणसाशी लग्न केलं होतं. तो पुढे तिला सोडून गेला, पण वारसा राहिला.

गाण्यांची वाटणी साधारण अशी होती: पाचातली दोन बुडण्याची, दोन देश सोडून जाण्याची, एक मेंढ्यांचं. देश सोडण्याच्या गाण्यात ब्रायन हटकून रडायचा. तो ज्या घरात जन्मला त्याच घरात राहत होता.

शशिधरचा या सगळ्याशी संबंध आला तो नॉर्मनच्या मनगटामुळे. १९८४ मध्ये नॉर्मन वाजवता वाजवता स्टेजवरून खाली पडला. (गाणं बुडण्याचंच होतं, त्यामुळे लोकांनी टाळ्या वाजवल्या.) शशिधर हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. त्यानं हाताचा फोटो काढला आणि बाहेर बसलेल्या टेरीला सांगितलं, की सहा आठवडे काही वाजवता येणार नाही. टेरी रडकुंडीला आला. शनिवारी कार्यक्रम होता आणि भात्याच्या वाद्याशिवाय केल्टिक वाटत नाही म्हणाला.

"माझ्या बायकोकडे एक भात्याचं वाद्य आहे," शशिधर सहज बोलून गेला.

बायकोचं नाव सुप्रभा. माहेर मिरजेचं. बँडनं पहिल्याच तालमीत तिची 'सू' केली. मराठीत याचा अर्थ काय होतो ते शशिधरनं कुणाला सांगितलं नाही. ती मात्र घरी येऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, पोस्टरवर छापणार आहेत म्हणे!" आपणही इथून पुढे सूच म्हणू. सुटसुटीत पडतं.

सू पेटी रजईत गुंडाळून हॉस्पिटलसमोरच्या बसनं तालमीला जायची. पेटी मुळात युरोपातूनच आपल्याकडे आलेली. पण परत येताना तिची ओळख पटेना, म्हणून पोस्टरवर 'बेटांवरचा प्राचीन हात-ऑर्गन' असं छापलं. कुठली बेटं, ते कुणी विचारलं नाही. नॉर्मनचा हात बरा झाला, तो परत आला, तरी सू राहिली. लोकांना ती फार अस्सल वाटायची. टेरीनं एकदा सगळ्यांना हिरवं घालायला सांगितलं, तेव्हा तिनं डोहाळजेवणाची हिरवीगार साडी काढली. कार्यक्रमानंतर एक बाई तिचा पदर चाचपून म्हणाल्या, की अशी वीण आता आयर्लंडमध्येसुद्धा मिळत नाही. ते खरंच होतं.

देश सोडण्याच्या गाण्यात ब्रायन रडायचा, तेव्हा शेजारी बसलेली सू स्वर धरून ठेवायची. ती रडायची नाही. तिनं देश सोडला होता.

आता सुरावटीकडे येऊ. मुलगी रश्मी तान्ही असताना सूनं तिला झोपवायला एक धून रचली होती. इस्त्री करता करता रचली, शब्द नव्हतेच. भैरवीत होती. १९८५ मध्ये एका कार्यक्रमाच्या शेवटी तिनं ती वाजवली आणि सगळा पब गप्प झाला. टेरीनं विचारलं, हे काय होतं? सू म्हणाली, "भैरवी."

टेरीनं कागदावर लिहिलं: बे ऑफ रॅव्ही.

बे म्हणजे खाडी. खाडी म्हटल्यावर कुणीतरी बुडालेलं असणारच. पुढच्याच महिन्यात टेरीनं धून सुरू होण्याआधी सांगितलं, की या खाडीत एका कोळ्याचे तीन मुलगे बुडाले. १९८८ पर्यंत ते सात झाले. १९९१ मध्ये त्यांच्याबरोबर नवरीही बुडाली. १९९५ मध्ये आख्खं गाव, चर्चसकट. एका अभ्यासकांनी ही खाडी आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर नक्की कुठे होती याबद्दल लेख लिहिला. दुसऱ्यांनी तो खोडून काढला आणि खाडी शंभर मैल दक्षिणेला सरकवली.

सूनं बँडला एकच नियम घातला होता. भैरवीनंतर काही वाजवायचं नाही. लोक 'मोअर, मोअर' ओरडायचे, टेरी गिटार उचलायचा, आणि सू शांतपणे पेटीचा भाता मिटून कडी लावायची. "भैरवी झाली, टेरी." बारा वर्षं रोअरिंग हेदरनं जास्तीचं एकही गाणं वाजवलं नाही. एका मासिकानं याला 'केल्टिक मौनाची थोर शिस्त' म्हटलं.

फेब्रुवारी १९९६ मध्ये सू गेली. कॅन्सर होता. यात उपरोधाला जागा नाही, तेव्हा पुढे जाऊ.

त्या वर्षी बँडला पंधरा वर्षं झाली म्हणून सीडी निघणार होती. शशिधरचं एकच मागणं होतं. बे ऑफ रॅव्हीच्या पुढे 'ट्रॅड.', म्हणजे 'पारंपरिक', असं न छापता तिचं नाव छापावं. पूर्ण नाव. तो टेरीच्या घरी गेला. टेरीनं त्याला मिठी मारली, चहा केला, आणि मनापासून अडचण समजावून सांगितली.

"शशी, मित्रा, ट्रॅड. कशाला म्हणतात? जिचा कर्ता माहीत नाही ती धून."

"पण कर्ता माहीत आहे. तू तिच्या हातचे बटाटेवडे खाल्लेस."

"तोच तर घोळ आहे. आपल्याला माहीत आहे, परंपरेला माहीत नाही. नाव घातलं की धून १९७९ ची होते. मग त्या गावाचं काय करायचं?"

"कुठल्या गावाचं?"

"बुडालेल्या. लोक त्यांच्यासाठी रडलेत, शशी. त्यांना आता काय सांगू? इस्त्री?"

शशिधरनं चहाचा कप खाली ठेवला. बुडालेली माणसं पुष्कळ होती आणि त्याच्या बाजूनं एकच होती. शेवटी तडजोड झाली. सीडीवर 'ट्रॅड.' छापलं, आणि खाली बारीक अक्षरात: 'ही जुनी धून जिला फार आवडायची, त्या आमच्या सूला.'

"बाबा, टेरी बॅड माणूस नाही," रश्मी म्हणाली. ती आता अठराची होती आणि आईच्या जागी बँडमध्ये बसत होती. "पण त्याचा दाढी पण ट्रॅड. आहे. तो नाही चेंज करणार."

"त्याची दाढी," शशिधर म्हणाला.

"तेच ना."

१९९७ च्या दिवाळीत लंडनमधल्या ईलिंगच्या मराठी मंडळानं रोअरिंग हेदरला बोलावलं. कौन्सिलचं म्हणणं होतं, की मंडळानं इतर संस्कृतींशी नातं जोडावं. हेच ते मंडळ. दहा वर्षांपूर्वी सूनं इथे पेटीवर काही वाजवू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा अध्यक्ष श्रीनिवास म्हणाले होते, "वहिनी, छानच. पण आपल्या लोकांना पट्टीचं शास्त्रीय लागतं हो. तुम्ही खिचडीचं बघाल का?" तिनं खिचडीचं बघितलं होतं.

कार्यक्रमाआधी शशिधरनं श्रीनिवासना गाठलं. "शेवटची धून माझ्या बायकोची आहे. तेवढं माइकवर नावानिशी सांगाल?"

"बघतो ना. पण शशिधर, कार्यक्रम आयरिश आहे. मध्येच आपल्यातलं नाव आलं की लोकांचा मूड जातो."

मूड गेला नाही. लोक वेळेवर आले होते आणि डोळे मिटून बसले होते. टेरीनं बुडालेल्या गावाची गोष्ट सांगितली. (या वेळी शेजारचं गावही होतं.) मग रश्मीनं पेटी धरली. तिचा हात आईसारखाच पडायचा, कोमल निषादावर जरा रेंगाळून. शशिधरनं खाली बघितलं.

पुढच्या रांगेतल्या सुलक्षणाबाई शेजारणीकडे वाकल्या. "अगदी आपल्या भैरवीसारखं नाही वाटत? बघा, पाच हजार वर्षांपूर्वी आपल्याकडूनच गेलं असणार."

बारा वर्षांपूर्वी गेलं होतं. बसनं.

धून संपली आणि हॉल उभा राहिला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" बारा वर्षं इंग्रज लोकांनी पाळलेली शिस्त आपल्या लोकांनी एका मिनिटात मोडली. सगळ्यांत मोठा आवाज श्रीनिवासांचा होता. टेरी हसला आणि त्यानं गिटार उचलली. आता कडी लावणारं कुणी नव्हतं.

खट् असा आवाज झाला. रश्मीनं भाता मिटला होता.

"भैरवी झाली, टेरी," ती म्हणाली.

 टेरीनं गिटार खाली ठेवली आणि तो खुर्चीवर बसला. ब्रायनला रडू फुटलं, आणि या खेपेला कारण होतं. रश्मी माइकजवळ आली. "हा माझ्या आईचा भैरवी आहे. बे वगैरे काय नाही. कोण पण बुडाला नाही. तिचा नाव—"

"अगं, 'ही माझ्या आईची भैरवी'!" सुलक्षणाबाई ओरडल्या. "आणि तिचं नाव! तिचा नाव काय, तिचं नाव!" हॉल हसला. सगळ्यांनी मिळून व्याकरण दुरुस्त केलं आणि प्रेमानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत नाव कुणालाच ऐकू आलं नाही. शशिधरला आलं. त्याला तेवढं पुरलं नाही.

मंडळाच्या अंकात पुढच्या महिन्यात दोन गोष्टी छापून आल्या. एक, आपल्या मुलांचं मराठी चिंताजनक आहे. दोन, पाहुण्या बँडनं सादर केलेली पारंपरिक धून सर्वांना अतिशय आवडली.

शशिधरनं मंडळाला दोष दिला नाही, आपणही देऊ नये. एवढ्या लोकांनी एका बाईचं नाव लक्षात तरी किती ठेवायचं? या गोष्टीतही ते एकदाच आलेलं आहे, माहेरच्या गावासकट. टेरी आणि ब्रायन तुम्हाला पाठ झाले असतील. तिचं नाव वर न बघता ज्यांना सांगता येईल त्यांनी सांगावं. बाकीच्यांनी 'पारंपरिक' लिहावं. पद्धत तीच आहे.