पितळी पट्टीची मागची बाजू

इजिप्तमधल्या तांता शहरात आपल्याइतकी जालीम अ‍ॅलर्जी दुसऱ्या कुणालाच नाही, याबद्दल दसूकी मास्तरांची खात्री होती. भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ गळ्यात एक पितळी पट्टी घालून हिंडे. तांबटाकडून तिच्यावर त्यांनी कोरून घेतलं होतं : ‘पेनिसिलिन दिल्यास मृत्यू’. ‘देऊ नये’ म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण मास्तरांना मिळमिळीत बोलणं मुळात जमत नसे. कॉफीच्या दुकानात कुणी मधुमेहाची बढाई मारू लागला की मास्तर हळूच शर्टाचं वरचं बटण काढत.

गुरुवारी त्यांच्या मुलीचं, इबतिहालचं लग्न होतं. ढोल-ताशे दारात वाजत असताना बापाने हात धरून पोरीला चार जिने उतरवायचं आणि खाली नवऱ्या मुलाच्या हाती द्यायचं, ही तिथली रीत. या चार जिन्यांसाठी मास्तरांनी नवे बूट घेतले, ते घरात घालून सराव केला आणि घोट्याला मोठा फोड आणला.

“डॉक्टर कशाला? घरात दवाखाना आहे,” असं म्हणत त्यांनी बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात सगळ्या आळीच्या उरलेल्या गोळ्या होत्या. पेनिसिलिन नाही एवढं बघून शेजारणीच्या खोकल्याच्या तीन गोळ्या घेतल्या, लाली उतरली, गोळ्या बंद. लाली परत आली. मग मेव्हण्याच्या दातदुखीच्या दोन. रविवारपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत लालभडक, अंगात ताप, आणि मास्तरांना पलंगावरून खाली उतरता येईना.

इस्पितळातल्या डॉक्टर शहीराबाईंनी पाय पाहिला, मग डबा पाहिला, आणि डब्याकडे जास्त वेळ पाहिलं. “दोन-तीन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत मास्तर, उलट निगरगट्ट होतात. आता याला पेनिसिलिनच सगळ्यात चांगलं.”

मास्तरांनी पट्टी पुढे केली.

“कधी झालं होतं? पुरळ आलं? धाप लागली?”

“सात वर्षांचा होतो. घसा सुजला होता. आमच्या आळीचा न्हावी सुया टोचायचा, दात काढायचा, सगळंच करायचा. त्याने सुई दिली, आणि मी गेलो.”

“कुठे गेलात?”

“वर जवळजवळ. आई सांगायची.”

“दुसरं औषध देता येईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण पोट बिघडेल, आणि गुरुवारचं मी सांगू शकत नाही.”

इबतिहालचे डोळे भरले. “बाबा, लग्न पुढे ढकलू. तुमच्याशिवाय मी एक पायरी उतरणार नाही.”

कोपऱ्यात मास्तरांची थोरली बहीण वगीदा बसली होती. इतका वेळ ती भोपळ्याच्या बिया सोलत होती. तिने मांडीवरची टरफलं झटकली.

“दसूकी, तुला सुई दिलीच नव्हती.”

“ताई, काहीतरीच काय बोलतेस?”

“तुझे पाय मीच धरले होते. न्हाव्याने सुई वर धरली मात्र, तू डोळे फिरवलेस आणि कोंबड्यांच्या खुराड्यात आडवा झालास. आळीतली पोरं हसायला लागली. आईला तुझी लाज राखायची होती, ती ओरडली, ‘याला पेनिसिलिन सोसत नाही!’ न्हावी घाबरून पळाला. मला तिने शपथ घातली. त्रेपन्न वर्षं मी तोंड शिवून बसले रे. पण पोरीने बापाशिवाय उतरायचं म्हणजे आईलाही आवडलं नसतं.”

मास्तर आधी रागावले. आईने खोटं सांगितलं याहून, आपल्यासाठी सांगितलं, हे त्यांना जास्त लागलं.

“तरी आपण सावधपणे जाऊ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पेनिसिलिनच्या जातीची एक गोळी दिली आणि तासभर समोर बसवून ठेवलं. दहाव्या मिनिटाला मास्तरांना जीभ जड वाटली. विसाव्याला छातीत कालवाकालव झाली. वगीदाने पिशवीतून तामियाची, म्हणजे वाटलेल्या कडधान्याची, गरम तळलेली वडी काढून हातावर ठेवली, आणि दोन्ही लक्षणं गेली. तास संपला. अंगावर एक पुटकुळी नव्हती.

“मला शंका होतीच,” मास्तर ऐटीत म्हणाले. “न्हावी लोकांवर कधी विश्वास ठेवू नये. आणा तुमचं पेनिसिलिन.”

नर्सने सुई भरून वर धरली.

मास्तर पांढरे पडले, डोळे फिरले, आणि उशीवरून घसरून ते थेट इबतिहालच्या मांडीवर आले.

“अ‍ॅलर्जी!” इबतिहाल किंचाळली. नर्स दाराकडे धावली. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली.

वगीदा जागची हलली नाही. “बाई, जरा त्या नर्सच्या हाताकडे बघा. सुई अजून भरलेलीच आहे.”

नाडी ठीक लागत होती. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं, पण हसू काही आवरेना. मग मास्तरांना आडवं ठेवून, डोळ्यांवर वगीदाची ओढणी टाकून, पेनिसिलिन सुरू झालं. बुधवारी पाय बुटात गेला. जुन्या बुटात.

गुरुवारी मास्तर लेकीचा हात धरून चारही जिने उतरले. तिसऱ्या जिन्यावर ते एकदम थांबले. ढोलवाले गडबडले, सगळ्यांना वाटलं बापाला भरून आलं. भरून आलंच होतं, पण आता सुईऐवजी दिलेली आठची गोळीही घ्यायची होती, आणि सांगितलेल्या दिवसांतली एकही चुकवायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. इबतिहालने नवरीच्या हातमोज्यांनी पाण्याचा पेला धरला.

मिठाई वाटून झाल्यावर वगीदाने भावाच्या गळ्यात त्याची पट्टी पुन्हा घातली. पुढचा मजकूर तांबटाने घासून सपाट केला होता. मास्तरांनी ती उलटली. मागे नवं कोरलेलं होतं : ‘पेनिसिलिन चालते. सुई दाखवू नये.’

तेव्हापासून कॉफीच्या दुकानात मास्तर गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून बसतात.