मास्तरांच्या सात कात्र्या

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला शिंपीमास्तर पाहुण्याची खुर्ची चौथ्यांदा हलवत होते. आधी ती खिडकीजवळ होती, पण खिडकीतून पळून जाता येतं. मग भिंतीला टेकवली, पण पाठ भिंतीला असलेला माणूस सगळ्यांवर नजर ठेवतो. शेवटी त्यांनी ती खोलीच्या मधोमध आणून ठेवली आणि तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"अहो, मुलगा लेकीला मागणी घालायला येतोय, साक्ष द्यायला नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "बसा बघू जरा एका जागी."

मास्तरांना बसवेना. गेले सहा महिने रोज संध्याकाळी ते एक गुन्हेगारी मालिका बघत होते. तिच्यातला मनोविकारतज्ज्ञ माणसाची बसण्याची ढब बघून त्याचं बालपण सांगायचा आणि जाहिरात लागायच्या आत खुनी पकडून द्यायचा. मास्तरांनी त्याने सांगितलेल्या खुन्याच्या साऱ्या खुणा कापडाच्या मापांच्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. खुनी पापणी लवू देत नाही. खुनी वस्तू एका रांगेत लावतो. खुनी अतिशय नम्र असतो.

लेक खरोखरीच्या मानसोपचार विभागात नर्स होती आणि या वहीने तिचं डोकं उठायचं. "बाबा, माझ्या वॉर्डात तीस माणसं आहेत," ती म्हणायची. "एकानेही कुणाला मारलेलं नाही. बिचारे स्वतःच घाबरलेले असतात. आणि आमच्या डॉक्टरांना एखाद्याला झोप का येत नाही हे कळायला तीन-तीन आठवडे लागतात."

"म्हणून तर तुमचे डॉक्टर टीव्हीवर नाहीत," मास्तर म्हणायचे.

पण आज सकाळी ड्यूटीवर जाताना ती दारात थांबली होती आणि अगदी हळू म्हणाली होती, "बाबा, मला हा मुलगा मनापासून आवडलाय. मोडता घालू नका." तेव्हापासून मास्तर वही चाळत होते. एकुलती एक लेक, आणि तिने निवडलेल्या माणसाबद्दल वहीत एक ओळसुद्धा नव्हती.

चारला फोन वाजला. बदलीची नर्स आली नव्हती. "मला अर्धा तास उशीर होईल," लेक म्हणाली. "तोवर साधं काहीतरी बोला. हवापाण्याचं." तिने फोन ठेवला आणि घराच्या पुढच्या भागातल्या दुकानाची बेल वाजली.

मुलगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत होता. उंच, नीटनेटका, हातात रिबिन बांधलेला बिस्किटांचा डबा. तो वाकून नमस्कार करून म्हणाला, "आपल्याला त्रास तर नाही ना दिला?" अतिशय नम्र, मास्तरांनी मनात नोंद केली. मग तो खुर्चीत बसला आणि मास्तरांच्या चष्म्याआडच्या डोळ्यांकडे बघत राहिला. पापणी लवेना.

"काय बघताय?" मास्तरांनी विचारलं.

"आपला उजवा डोळा," मुलगा म्हणाला. "सवडीने कधीतरी मला बघायचाय तो. आत काय आहे ते."

मास्तरांना घाम फुटला. घाबरले की ते कामाच्या सवयीवर जात. तीस वर्षं समोर आलेल्या प्रत्येक माणसाचा त्यांनी आधी गळा बघितला होता, कॉलरच्या मापासाठी. आताही त्यांची नजर तिथेच गेली आणि तोंडातून आपसूक निघालं, "साडेपंधरा."

"काय साडेपंधरा?"

"गळा," मास्तर म्हणाले. मुलाने हळूच शर्टाचं वरचं बटण लावलं.

अस्वस्थ होऊन मुलाने टेबलावरचे चमचे उचलले आणि एकाशेजारी एक, अगदी सरळ मांडून ठेवले. मास्तर ताडकन उभे राहिले. तेवढ्यात मुलगा डब्याच्या रिबिनीशी झटापट करत म्हणाला, "जरा कात्री मिळेल का?"

"आमच्याकडे कात्री नाही!"

मुलाने समोर बघितलं. पुढच्या दुकानात शिवणयंत्र होतं, अर्धवट कापलेला कोट टांगलेला होता. "कात्री... नाही?" त्याने विचारलं.

"आम्ही कापड हाताने फाडतो," मास्तर म्हणाले आणि दुकानात धावले. घरात एकूण सात कात्र्या होत्या. त्या याच्या हाती लागता कामा नयेत. कापायची, काजाची, नागमोडी कडेची, सगळ्या त्यांनी गोळा केल्या आणि कामाच्या ॲप्रनच्या खिशांत कोंबल्या. स्वयंपाकघरातली सातवी त्यांनी बायकोच्या हातातून हिसकावली.

"काय चाललंय तुमचं?"

"तू आतच थांब. कडी लाव."

हे बाहेर ऐकू गेलं. मास्तर परत आले तेव्हा पावलागणिक खणखण वाजत होतं. त्यांनी शांतपणे बसायचं ठरवलं आणि बसले मात्र, खिशांची शिवण उसवली. सातच्या सात कात्र्या फरशीवर पडल्या आणि एक घसरत जाऊन मुलाच्या बुटाला लागली. मुलाने कात्र्यांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि दोन ढांगांत दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीत शिरून आतून कडी घातली.

लेक आली तेव्हा मास्तर हातात कापड मोजायचा लाकडी गज घेऊन त्या दाराशी उभे होते.

"पोलिसांना बोलाव," ते म्हणाले. "मी कोंडलंय त्याला."

"मी स्वतःहून कोंडून घेतलंय!" आतून आवाज आला. "तुम्ही आलात का? जपून. त्यांच्याकडे सात कात्र्या आहेत. तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? घरात पेशंट असणं यात लाजण्यासारखं काही नाही."

"पेशंट? मी?" मास्तर ओरडले. "पापणी न लवू देणारा कोण? चमचे कुणी लावले?"

"पापणी? तुमच्या चष्म्याची उजवी काच वाकडी बसलीय! अर्ध्या तासापासून तेच बघतोय मी! आणि माझ्या गळ्याचं माप कुणी सांगितलं? तो डॉक्टर नेहमी म्हणतो, जो आधी गळा बघतो..."

मास्तरांनी गज खाली केला. "कोण डॉक्टर?"

"मालिकेतला. रोज संध्याकाळी लागते ती."

लेकीने कपाळावर हात मारला. "तुम्हीसुद्धा?" असं म्हणून ती दारातच स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते बघून मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी वही काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. कडी निघाली. मुलाने टोपलीत वाकून पाहिलं, कारण खुणांची एक यादी त्याच्या फोनमध्येही होती.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

"माझंही," मुलगा म्हणाला. "आपण चष्मा द्या, दोन मिनिटांत बसवून देतो काच."

दहा मिनिटांत दोघे एका सोफ्यावर बसून कालच्या भागाबद्दल बोलत होते. लेक फरशीवरच्या कात्र्या एकेक उचलून टेबलावर ठेवत होती. बरं वाटावं म्हणून तिने विचारलं, "मग काल खुनी कोण निघाला?"

"नर्स," दोघे एकदमच म्हणाले.

दोघांची नजर टेबलावर गेली. कात्र्या मोठीपासून छोटीपर्यंत ओळीने लागल्या होत्या. लेक गोड हसली. "मी चहा आणते हं," ती अतिशय नम्रपणे म्हणाली.

चहा आला, आणि बायकोही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन कप घेऊन बसली. सासरा आणि जावई, आता दोघे तसे झालेच होते, एकमेकांना खेटून बसले आणि कप हातात धरून वाट बघत राहिले, लेकीची आई आधी पिते का ते.