बळीराम गुरुजींची तोंडी परीक्षा

शेजारच्या डोमाचा गुरांचा कोठा पेटला, तेव्हा तो बळीराम गुरुजींच्या दारात येऊन ओरडला, "गुरुजी, कोठा जळून राहिला!" गुरुजी बादली घेऊन धावले खरे, पण धावता धावता म्हणाले, "जळत आहे म्हण."

मी गोरेगावच्या शाळेत त्यांच्या हाताखालचा मास्तर. चौथी झालेली पोरं घेऊन गुरुजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसत. गोंदियाच्या इंग्रजी शाळेत घेण्याआधी तोंडी परीक्षा होई आणि ती घेणारे हेडमास्तर पुण्याकडचे. गणित, भूगोल पोरांना चोख येई. घात करी तो हा 'राहिला'.

तयारी म्हणजे नाटकच. गुरुजी काळा कोट चढवत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत आणि नाकातून विचारत, "कसा आलास रे?"

"बैलबंडीनं येऊन राहिलो जी."

"म्हणजे अजून बंडीतच आहेस. उतर आणि मग ये."

पोरगं मुकाट्यानं ओट्याखाली उतरून पुन्हा वर येई. काही पोरं दिवेलागणीपर्यंत बंडीतून उतरतच असत. बाजारात भाजीवालीचीही सुटका नव्हती. ती वैतागून म्हणे, "गुरुजी, वांगे घेता का परीक्षा घेता?"

मला गंमत वाटे आणि रागही येई. बिचाऱ्या बोलीनं यांचं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत एकदा दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. घरची शेती पाहणारा त्यांचा मुलगा श्रावण धानाच्या बांधीतून चिखलानं माखून आला. दारातूनच म्हणाला, "बाबा, काऊन उपाशी बसून राहिले? जेवाले चाला ना."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी वाक्य सुधारलं नाही, नुसती मान डोलावली. श्रावण आत गेल्यावर मी विचारलं, "याला सूट आहे वाटतं?"

"हा फार हुशार होता," गुरुजी म्हणाले. "हेडमास्तरांनी विचारलं, 'शाळेत का यायचं आहे?' हा म्हणाला, 'बाबा म्हणून राहिले म्हणून.' सगळे हसले. शाळेत घेतलं नाहीच. घरी आल्यावर मी त्याला तेच वाक्य सुधारून घोकायला लावलं. तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. त्याची आई गेली, त्यानंतर बोलू लागला."

"मग ही दुसऱ्यांची पोरं कशाला घेऊन बसता?"

"त्यांना कुणी हसू नये म्हणून."

आतून हाक आली, "बाबा, भात थंडा होऊन राहिला."

गुरुजी जागचे हलले नाहीत. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मी म्हटलं, "गुरुजी, श्रावण बोलावतोय."

"ऐकलं," ते म्हणाले. "आणखी एकदा बोलावू द्या."