थोरलीचं बँडेज

"ही ती नव्हेच!" आई एवढ्या जोरात ओरडली की शेजारी जेवणाऱ्या तिच्या मुलाच्या, म्हणजे वहीवाल्याच्या, हातातला घास ताटात पडला.

समोर टीव्हीवर रोजची मालिका चालू होती. मालिकेतली थोरली सून काल जिन्यावरून पडली होती आणि आज हाताला बँडेज बांधून सोफ्यावर बसली होती.

"काल डाव्या हाताला लागलं होतं," आई दातओठ खात म्हणाली. "आज बँडेज उजव्या हाताला! म्हणजे बाईच बदलली. ही तोतया आहे. त्या धाकटीचं काम, दुसऱ्या कुणाचं नाही!"

वहीवाल्याने मान वर न करता घास पुन्हा उचलला. तो त्याच मालिकेच्या सेटवर नोकरीला होता. कुणाच्या कुठल्या हाताला काय लागलं, कुणाचे केस कुठल्या खांद्यावर होते, हे वहीत टिपायचं आणि फोटो काढून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. थोरलीचा फोटोही त्याने काढला होता, पण ती मेकअपला बसली असताना, तिच्या मागे उभं राहून, समोरच्या आरशातला. आरशात डाव्याचा उजवा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मेकअपवाल्याने तो फोटो बघून इमानेइतबारे उजव्या हाताला बँडेज बांधलं.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ती सांगायची, "वही घेऊन फिरतो."

सकाळी सेटवर पाऊल टाकताच दिग्दर्शक अंगावर आला. "डोळे आहेत की बटणं? डावा-उजवा कळत नाही? वही ठेव इथे आणि चालू लाग!"

वहीवाला वही ठेवणार, तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन वाजला. चॅनेलच्या मॅडम होत्या. ऐकता ऐकता दिग्दर्शकाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "हो मॅडम... नाही, मुद्दामच... तुम्हालाही सरप्राइज द्यायचं होतं."

रात्रीत चार हजार मेसेज आले होते आणि एकूण एक संतापलेले. आम्हाला मूर्ख समजता काय? खरी थोरली कुठे डांबून ठेवलीत? चॅनेलवाले खुशीने वेडे व्हायचे बाकी होते. लोक भांडतायत म्हणजे लोक बघतायत, हा त्यांचा साधा हिशेब.

"ही चूक होती हे बाहेर कळलं, तर तू गेलास," दिग्दर्शक फोन ठेवत म्हणाला. "आणि पुन्हा एक जरी चूक झाली, तरी गेलास."

खरा भडका उडाला तो लेखिकाबाईंचा. पुढच्या चाळीस भागांचे कागद त्यांनी टेबलावर आपटले.

"तीन महिने त्या बाईचं दुःख लिहितेय मी! बापाशी अबोला, सुटलेली नोकरी, सगळं! कुणी एक ओळ कळवली नाही. आणि तुझ्या वीतभर पट्टीला चार हजार मेसेज? आता म्हणे तोतयाचीच गोष्ट पुढे न्यायची! तूच सांग, कुठे आहे खरी थोरली?"

वहीवाल्याला फार वाईट वाटलं, कारण बाईंचं म्हणणं अगदी खरं होतं. पण नोकरीही हवी होती. त्याने घरी येऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, खरी कुठे असेल गं?"

"गच्चीवर. पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत. आणखी कुठे? किल्ली धाकटीकडे असते, पन्नास भाग झाले, कुणाच्या डोक्यात उजेड पडत नाही!"

त्याने ते तसंच्या तसं लेखिकाबाईंना सांगितलं. त्यांनी रागारागात तसंच्या तसं लिहून टाकलं.

तो भाग लागला त्या दिवशी शेजारच्या काकूही येऊन बसल्या होत्या. गच्चीवरच्या खोलीचं दार फुटलं. आत बारा दिवस कोंडलेली खरी थोरली, डाव्या हाताला मळकं बँडेज, धुळीत बसलेली. आई आता खूश होईल म्हणून वहीवाला तिच्याकडे बघत होता. आईने रिमोट आपटला.

"हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं! लाज नाही वाटत असलं लिहायला?"

"पण आई, तूच म्हणालीस ना, गच्चीवर?"

"मी म्हटलं म्हणून यांनी तेच दाखवायचं? यांना स्वतःचं डोकं नाही?" बोलता बोलता ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "थांब, थांब! नखं बघ तिची!"

वहीवाल्याने बघितलं आणि मनातल्या मनात वही चाळली. विस्कटलेले केस, फाटकी बाही, गालावरची धूळ, सगळं वहीत होतं. नखं नव्हती. नखांना ताजं, लालभडक नेलपॉलिश होतं.

"फोन काढ. माझा चष्मा सापडत नाहीये, चॅनेलला तू लिही," आई गरजली. "बारा दिवस कोंडलेल्या बाईला नेलपॉलिश कुणी आणून दिलं? हे बघायचं ज्याचं काम आहे, त्याला आधी हाकलून द्या. फुकट खातो मेला. लिहिलंस? वाच."

त्याने वाचायला सुरुवात केली. 'फुकट खातो'पाशी त्याने फोन खाली ठेवला.

"आई, ते काम माझं आहे."

"कसलं?"

"हेच बघायचं. नखं, बँडेज, सगळं. तोतया वगैरे कुणी नव्हतीच. मी आरशातला फोटो काढला म्हणून बँडेज चुकीच्या हाताला गेलं. आता ही दुसरी चूक. उद्या मला काढून टाकतील."

काकू तोंडाचा आ करून बघत राहिल्या. आईने टीव्हीचा आवाज बंद केला.

"गाढवा! हे आधी सांगता येत नाही?"

"तीनदा सांगितलंय."

"मग मोठ्याने सांगायचं होतंस!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता. कमरेवर हात ठेवून तिने घरभर दोन फेऱ्या मारल्या. "खोड ते सगळं. नव्याने लिही. आम्हाला मूर्ख समजू नका. बारा दिवस कोंडलेल्या बाईच्या नखांना ताजं नेलपॉलिश, म्हणजे हीसुद्धा खोटी आहे. खरी थोरली अजून सापडलेलीच नाही!"

"आई, लेखिकाबाई मला जिवंत सोडायच्या नाहीत."

"पाठव! काकू, तुम्हीही काढा फोन. तुमच्या भिशीतल्या सगळ्यांना सांगा, शिव्या घालूनच लिहा म्हणावं."

काकू टाइप करता करता थांबल्या. "पण मग खरी कुठे आहे म्हणून लिहू?"

"ते त्यांचं त्यांना शोधू दे. सगळं आपणच करायचं का?" आई मुलाकडे वळली. तिचा राग काही उतरला नव्हता. "आणि तू. उद्यापासून ती वही मला दाखवल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही."