दहाजणींची एकच झोप

बचत गटातल्या दहा बायका रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी झोपत होत्या आणि तीन वाजून पाच मिनिटांनी उठत होत्या. एकही आधी नाही, एकही नंतर नाही. मृण्मयीने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. दहाजणी पुन्हा एकदमच झोपल्या.

मृण्मयी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मनगटावर बांधायचा पट्टा हा तिच्या प्रकल्पाचा विषय. पट्टा पावलं, झोप आणि नाडीचे ठोके मोजायचा. तो तिचे मार्गदर्शक निरंजन सर यांनी स्वतः बनवला होता आणि सरांचा त्याच्यावर पोटच्या पोराइतका जीव होता. भरे गावातल्या या दहाजणींना तिने पंधरा दिवसांसाठी दहा पट्टे दिले होते. सोमवारी अहवाल द्यायचा होता. तो फेटाळला गेला तर वर्ष जाणार, आणि कॉलेजमधून मिळालेली नोकरीही.

ठोक्यांचे आकडे उघडायच्या आधीच ती घाबरून सरांकडे गेली. सर म्हणतील, काहीतरी चुकलंय, परत कर. पण सर खुर्चीतून उठलेच.

"सामूहिक निद्रा," ते म्हणाले. "पावलंही सारखीच?"

"दोन-चार पावलांचा फरक आहे, सर. पण सर, हे जरा विचित्र..."

"विचित्र असतं तेच संशोधन असतं. शनिवारच्या परिषदेत मीच मांडतो. शुक्रवारी गावात येतो, दुपारी दोन वाजता. झोपतानाचे फोटो हवेत."

झोपलेल्या दहा बायकांचे फोटो मागायचे कसे, या विचाराने मृण्मयीचीच झोप उडाली. तिने निषादला गाठलं. निषाद तिच्याच कॉलेजात व्यवस्थापन शिकत होता. बँकांसाठी केलेले नियम गावात पोचेपर्यंत त्यांचं काय होतं, यावर तो प्रबंध लिहीत होता. त्यालाही अभ्यासाला हाच बचत गट मिळाला होता.

"दहाजणी एकदम झोपतात?" निषाद म्हणाला. "अगं, मी पंधरा दिवस बँकेत बसून आहे. त्या दहाजणी मला एकदम कधी दिसल्याच नाहीत. केशरमावशी येतात, दहाजणींची पासबुकं पिशवीत घालून. मॅनेजर रोज सांगतात, नियमाप्रमाणे जिचं खातं तिनंच यायचं. मावशी रोज मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी परत दहा पासबुकं."

मृण्मयीने तडक गाडीची किल्ली उचलली. निषादलाही तिने सोबत घेतलं. शुक्रवार उजाडला होता आणि दीड वाजून गेला होता.

केशरमावशी गटाच्या सचिव. त्या ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या आणि खाली डाव्या हातात पाच, उजव्या हातात पाच असे दहा काळे पट्टे होते.

"मावशी, हे काय?"

"तुजंच तर हाय. तृप्तीला न् नम्रताला घोटावड्याच्या कंपनीत हातात काय घालू देत न्हाईत. बाकीच्या लावणीच्या चिखलात. म्हनल्या, केशरबाई, तूच सांभाळ. मी न्हातानाबी काडले न्हाईत बघ. लई गरम होतंय, पन जबाबदारी हाय."

"पण प्रत्येकीनं आपापला घालायचा होता ना?" मृण्मयीचा आवाज रडवेला झाला.

"गटाचं काम एकीनंच करायचं असतंय."

"मावशी, बँकेतसुद्धा तुम्हाला हेच सांगतात ना, ज्याचं त्यानं," निषाद म्हणाला.

"ते बँकेचं झालं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पट्ट्याचा नियम कुनी सांगितला व्हता?"

निषादने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मृण्मयीला त्याची वही ओढ्यात फेकावीशी वाटली. तेवढ्यात सरांची गाडी दारात थांबली. सर कॅमेरा गळ्यात अडकवून उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "झोपल्या का?"

सांगण्याखेरीज इलाज नव्हता. मृण्मयीने सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"म्हणजे पंधरा दिवस तू एकाच बाईचा अभ्यास केलास, दहा वेळा? हा अहवाल मी घेणार नाही. वर्ष गेलं समज."

"पोरीला बोलू नका वो," केशरमावशी म्हणाल्या. "चूक आमची हाय."

"चूक साधी आहे का, मावशी? हिनं ठोके तरी उघडून बघायचे होते. दहा ठिकाणी एकच आकडा दिसला असता, तर लहान मुलालाही कळलं असतं." सरांनी तिच्या हातातला लॅपटॉप जवळजवळ हिसकावलाच आणि ठोक्यांचं पान उघडलं. "हे बघ. दहाही..."

सर थांबले.

पडद्यावर दहा आकडे हलत होते. अठ्ठावन्न. एकशे एकतीस. ब्याण्णव. त्र्याहत्तर. एक पट्टा तर एकेचाळीसवर होता. सरांनी चष्मा पुसला. आकडे तसेच राहिले. त्यांनी मावशींचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर ठोके मोजले आणि मग दुसऱ्या हाताचे मोजले. मावशींचे ठोके दोन्ही हातांना शहात्तरच होते. घाम मात्र सरांना फुटला होता.

"सर," मृण्मयी चाचरत म्हणाली, "उद्याची परिषद?"

"रद्द," सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मृण्मयीसमोर ठेवला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुझा अहवाल दे सोमवारी. जसं घडलं तसं लिही. फक्त... पट्टा कुणी बनवला, ते पहिल्या पानावर नको."

मृण्मयीला हसावं की रडावं कळेना, पण वर्ष वाचलं होतं. तिने खाली बसून मावशींचे पट्टे सोडायला घेतले.

केशरमावशींनी हात मागे घेतला. त्या पडद्याकडे वाकून बघत होत्या आणि पहिल्यांदाच जरा काळजीत दिसत होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "ह्यातला माजा कंचा, तेवडं सांगा."