हात न लावता हाड बसवणे

आरोग्य खात्याने हाडं बसवणाऱ्या आक्कांना अखेर मान्यता दिली. चाळीस वर्षं त्या निखळलेले खांदे जागेवर आणत होत्या. म्हणजे खात्याच्या हिशेबी चाळीस वर्षं काहीच घडलं नव्हतं.

त्या दिवशी पट्ट्या सोडायच्या होत्या. बरी झालेली माणसं दारात चपला शोधत असताना पाहणी अधिकारी मान्यतेची पाटी आणि नियमपत्रक घेऊन आले.

"आक्का, आजपासून तुम्ही सार्वजनिक आरोग्याचा कणा!"

"बरं झालं. मग करायचं काय मी?"

"नोंद करायची आणि रुग्णाला मोठ्या इस्पितळात धाडायचं."

"आणि हाड?"

नियम १. मान्यताप्राप्त वैद्याने रुग्णास हात लावू नये.

"मान्यता नको म्हटलं तर?"

"तर तुम्ही भोंदू. भोंदूंना थेट कोठडी."

आक्कांनी आपल्या हातांकडे पाहिलं. घर त्यांच्यावरच चाललं होतं. त्यांनी सही केली.

नियम २. पाटी अधिकाऱ्याने स्वहस्ते, सात फुटांवर लावावी.

साहेब स्टुलावर चढले. स्टूल खात्याचंच होतं. पाटी वर राहिली, साहेब खाली आले. उजवा खांदा निखळून हात पिशवीसारखा लोंबू लागला.

"आक्का, बघता काय! बसवा!"

आक्कांनी नोंदवही उघडली. "नाव?"

"अहो, जीव चाललाय माझा!"

"ते दुसऱ्या रकान्यात येतं. आधी नाव."

"मी परवानगी देतो!"

"लेखी द्या."

साहेबांनी लोंबत्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताची सही खातं मानत नाही. इस्पितळ तीन तासांवर, आणि तिथला हाडांचा डॉक्टर दर मंगळवारी पारंपरिक वैद्यांना प्रशिक्षण द्यायला दौऱ्यावर असतो. वार मंगळवारच होता.

साहेब हमसून रडले. एवढ्या मोठ्या माणसाचं रडणं आक्कांना सोसेना. वही बाजूला टाकून त्यांनी साहेबांच्या काखेत टाच रोवली, मनगट धरून ओढलं. खट्.

साहेबांनी हात वर करून पाहिला, खाली करून पाहिला. मग त्याच हाताने पेन काढून सुरेख अक्षरात लिहिलं: 'सदर वैद्याने रुग्णास हात लावल्याचे निम्नस्वाक्षरीकर्त्याने प्रत्यक्ष अनुभवले. मान्यता रद्द. कोठडीची शिफारस.'

"अहो, खांदा तर तुमचाच होता!"

"म्हणून तर पुरावा पक्का आहे, आक्का. एरवी मी तुमचा जन्माचा ऋणी."

नियम ३. गुण आलेल्या एका जरी रुग्णाने सही दिल्यास कारवाई थांबवावी.

साहेब दाराकडे वळले. "इथे कुणाला गुण आलाय?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "मी आपली पत्ता विचारायला थांबले होते," वकीलबाई म्हणाल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांच्या सासऱ्यांनी तोंडावर रुमाल धरला. क्षणात दार मोकळं झालं.

आक्का पाटीखाली उभ्या राहून बघत राहिल्या. सगळे कसे ताठ, भराभर, न लंगडता चालले होते. सर्वांत पुढे पळणारा गुडघा तर त्यांनी पाठमोराच ओळखला.

कसा आहे हो तुमचा गुडघा आता? मांडी घालून वाचता येतंय ना?