डबीने दिलेले गुण

बावीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा पडलेला नाही, हे डिचोलीत ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना मी स्वतः सांगितलेलं आहे. त्यामुळे गाडीच्या विम्याचं बघणारी प्राजक्ता जेव्हा म्हणाली, "सर, ही डबी गाडीत बसवली की तुम्ही कसे चालवता ते कंपनीला आपोआप कळतं. नीट चालवणाऱ्याचा हप्ता कमी," तेव्हा मी "बसव!" म्हणून मोकळा झालो. (आमच्याकडे विचार करण्याचं खातं माझी बायको विनोदिनी सांभाळते. ती नेमकी आत चहा करत होती.)

महिन्याने कचेरीत मोबाईलवर निकाल आला. चालक म्हणून माझे गुण: शंभरपैकी एकतीस.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकतीसच! अहो, दहावीला बीजगणितातसुद्धा मला पस्तीस होते!

खाली गाडीच्या फेऱ्यांची यादी होती. ती वाचून हातातला उंडा पाव चहात पडला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सव्वाअकरा ते पाऊण, माझी गाडी नार्व्याला जाऊन येत होती. त्या वेळी मी कचेरीत असतो. मी चालत येतो, गाडी घरी असते. म्हणजे असायला हवी.

"चोरी!" मी ओरडलो.

शेजारच्या टेबलावरचा योगेश म्हणाला, "चोर आठवड्यातून दोनदा गाडी नेतो आणि परत दारात आणून लावतो?"

"सराईत असणार."

संध्याकाळी विनोदिनीला विचारलं, "दुपारी आपली गाडी कुठे असते गं?"

"तुम्ही आत्ता आलात तेव्हा कुठे होती?"

"दारात."

"मग?"

तिचं बरोबर होतं. (तिचं नेहमीच बरोबर असतं. त्यात काय चुकलं ते मला दोन दिवसांनी कळतं.)

गाडी हलली की कळवण्याची सोय मी मोबाईलवर सुरू करून ठेवली. शुक्रवारी अकरा वाजून सतरा मिनिटांनी मोबाईल थरथरला. 'आपले वाहन निघाले आहे.' योगेशला उठवलं, त्याच्या स्कूटरवर मागे बसलो आणि नकाशावरच्या निळ्या ठिपक्याचा पाठलाग सुरू केला. ठिपका कसला पळत होता! आम्ही एका ट्रकच्या मागे धूळ खात असताना तो दोन वळणं पुढे गेलेला.

"हात सुरेख आहे हां याचा," योगेश म्हणाला.

"चोराचं कौतुक नको! स्कूटर पळव!"

नार्व्यात ठिपका थांबला, आणि थांबला कुठे, तर माझ्या सासूबाईंच्या घरापाशी! आम्ही पोचलो तेव्हा माझी गाडी विहीर आणि पोफळीच्या मधल्या बोळातून उलटी आत जात होती. (मी तिथे गाडी रस्त्यावरच ठेवतो आणि चालत जातो.) एका झटक्यात ती अंगणात सरळ लागली. डावीकडून आमचा शेजारी बाबली उतरला. तीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. उजवीकडून उतरली विनोदिनी.

मी म्हणालो, "तू?"

"अहो, बाजूला व्हा. आईला बसवायचंय."

"तुला गाडी येते?"

"लायसन मिळून तीन महिने झाले. बाबलीकडे शिकले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

तोवर काठी टेकत सासूबाई बाहेर आल्या. विनोदिनीने त्यांना हाताला धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईच्या गुडघ्याचा व्यायाम असतो मंगळवार-शुक्रवार. चार वेळा तुम्हाला म्हटलं. चारही वेळा 'रविवारी बघू' म्हणालात. रविवारी डॉक्टर नसतात."

मला आठवलं. चारही वेळा मी पेपर वाचत होतो. कानापर्यंत लाल झालो. पण अशा वेळी गप्प बसण्याची अक्कल मला कधीच नव्हती. एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मी म्हणालो, "म्हणजे ते एकतीस गुण तुझे! माझं नाव घालवलंस!"

आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावून प्राजक्ताला फोन केला.

"नाही सर," ती म्हणाली, "डबी मोबाईलवरून माणूस ओळखते. मंगळवार-शुक्रवारचा चालक वेगळा आहे. त्यांना चौऱ्याण्णव आहेत."

"आणि एकतीस?"

"ते तुमचेच. महिन्यात दोनशे बारा वेळा कचकन ब्रेक. डिचोलीच्या बाजारात सतरा मिनिटं सलग पहिल्या गिअरवर..."

स्पीकर कुठून बंद करतात ते मला सापडेना. बाबलीने खांद्यावर हात ठेवला. "वायट वाटून घेऊ नका, पात्रांव. तुम्हाला कोणी धडकत नाही, कारण सगळे लांबच राहतात."

त्या दिवसापासून विम्यावर मुख्य चालक विनोदिनी आहे. मी निमूटपणे रजा काढून शुक्रवारी सोबत जातो, सासूबाईंना उतरवतो, चढवतो. डावीकडे बसून थोडं मार्गदर्शनही करतो. पुढच्या महिन्यात प्राजक्ताचा फोन आला.

"सर, शुक्रवारी मॅडमचे गुण एकाहत्तरवर येतात. डावीकडच्या सीटवर तुमचं वजन असलं की त्या जास्त ब्रेक मारतात. तुम्ही मागे बसाल का?"

"मागे बसल्याने काय होणार?"

"मागच्या सीटला सेन्सर नाही, सर. कंपनीच्या हिशेबी तिथे कोणीच नसेल."